दूर

बस नंबर बावीस, मुलं एक्केचाळीस.
मोजायचं काम माझं, शिकवायचं वर्की सरांचं.
अजमान सोडलं तेव्हा धुकं असं
की पुढच्या सिमेंटच्या ट्रकचे
लाल दिवे तेवढे खरे वाटत होते.

सरांचं आठवडाभर चाललं होतं, रोमन, रोमन.
म्हणून नववी ब-नं
आपापलं रोम घरूनच आणलेलं:
खांब, सिंह, हात तुटलेले पुतळे.
ओजस धामणकरनं तर पुठ्ठ्याचं शिरस्त्राण,
वर लाल प्लास्टिकचा ब्रश,
आईनं रात्री जागून चिकटवलेला.

उम्म अल कुवेन मागे पडलं,
बस हायवेवरून वाळूत उतरली आणि थांबली.
समोर काहीच नव्हतं.
म्हणजे, होतं.
गुडघ्याएवढ्या भिंती, दर्यातल्या दगडांच्या,
एक चौकोनी देऊळ, बिनछपराचं,
आमच्या ग्रामपंचायतीच्या हॉलहून लहान,
तारेचं कुंपण, त्याला फडफडणारी किराण्याची पिशवी
आणि फलकावर नाव: एद-दूर.

"दूर म्हणजे दूरच आहे की," ओजस म्हणाला. सगळे हसले.
"हे रोम?" मागून कुणीतरी.
"रोम नव्हे," सर म्हणाले, "रोमचं गिऱ्हाईक."
जहाजं लागायची इथं.
काच यायची रोमकडची, मडकी आपल्याकडची.
सूर्याला हाक मारायचे शम्स म्हणून, या देवळात.
"मग गेले कुठं सगळे?"
सरांनी चष्म्यावरचं धुकं पुसलं.
"बाजार उठला की माणसं उठतात."

मी मुलं पुन्हा मोजली.

चाळीस.

नाझनीन परकार सापडली कुंपणाच्या कोपऱ्यात,
उकिडवी बसलेली, मूठ आवळून.
तिच्या अब्बांचं काम जानेवारीत सुटलं,
बसमध्ये हे सगळ्यांना माहीत, कुणी बोलत नाही.
मार्चनंतर तिची खिडकी रिकामी.
जन्म इथला. गाव खेडजवळ,
तिथं ती तीनदा गेली आणि तीनदा तापानं पडली.

मूठ उघडली. काच.
धुरकट, नखाएवढी, कडा वाळूनं घासून मऊ.
"ताई, रोमची आहे. सांगू नका ना."

माझ्या पगारात नियम मोडायला जागा नाही.
तरी उभी राहिले मी,
सांगायचं की नाही, या दोन भिंतींच्या मधे,
तोवर चौकीदार गुलज़मान आलाच,
काखेत थर्मास, पायात फाटके बूट.
त्यानं काच उजेडाकडे धरली,
एक डोळा मिटून दोन हजार वर्षं तपासली
आणि हसला.
"विमटो की बोतल है, बेटा.
रमज़ान में कोई छोड़ गया. रख लो."

मला वाटलं, ही आता रडणार.
तिनं काच ओढणीच्या टोकात बांधली, दोन गाठी मारून.
रोमची असती तर सरकारची होती.
ही कुणाचीच नव्हती, म्हणून सुटली.

बसकडे येताना म्हणाली,
"ताई, ओजसला अरबी येत नाही.
दार म्हणजे घर. दूर म्हणजे घरं, पुष्कळ."
मी म्हटलं, हो का.
तेरा वर्षं झाली मला या मुलुखात,
अरबी येते ती पोलिसांपुरती.
माझं एक दार गुहागरात, कुलूप लावलेलं,
किल्ली जाऊबाईंकडे.
ते कुणाला सांगायचं.

एक्केचाळीस. ड्रायव्हरला म्हटलं, चल.

धुकं उठलं होतं. शम्स म्हणा, सूर्य म्हणा,
डोक्यावर आलेला.
ओजस ओरडला, शिरस्त्राण राहिलं!
मागच्या काचेतून पाहिलं तर
देवळाच्या भिंतीवर गुलज़मान,
डोक्यावर लाल तुरा,
पाठ ताठ, झाकणात चहा ओततोय.

कुणी हसलं नाही.
नाझनीननं हात हलवला,
त्यानंही.